जंताच्या गोळ्या

मला गरमी झाली आहे, हे मला अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात कळलं. चौथा महिना सुरू होता. दवाखान्यात तिला सिफिलिस म्हणतात. आमच्याकडे गरमीच म्हणतात. बाया हा शब्द आवाज खाली करून बोलतात आणि पुरुष हसून बोलतात.

हे माझं दुसरं पोट. पहिलं मूल सातव्या महिन्यात पोटातच गेलं. पोरगा होता. अंगावरची कातडी सुटलेली होती, म्हणून मला नीट पाहूही दिला नाही. दर्यापूरला, माझ्या सासरच्या गावी, डॉक्टर उद्धवकाकांच्या दवाखान्यात ते झालं. तिथं परत पाय टाकायचा नाही, असं मी ठरवलं होतं. म्हणून या वेळी मी हट्टानं अमरावतीला नाव लावलं. माझा नवरा अमोल म्हणाला, "घरचा डॉक्टर असून सरकारीत कावून जातं?" मी एसटीत बसले.

रक्ताचा रिपोर्ट आला त्या दिवशी मला पडद्यामागच्या एका खोलीत बसवलं. तिथं जुईली नावाची समुपदेशक होती, माझ्याच वयाची. तिनं आधी दार लावलं, मग सगळं सांगितलं. मी तिच्या टेबलाचा कोपरा धरून बसले.

"घाबरू नका ताई," ती म्हणाली. "यावर इंजेक्शन आहे. आठवड्याला एक, अशी तीन. तुम्ही वेळेत आलात, बाळ वाचू शकतं."

"अन् पहिलं? तेही यानंच गेलं काय?"

"नक्की सांगता येणार नाही. पण यानं तसं होतं. तेव्हा ही तपासणी झाली होती का?"

"माहीत नाई. काकानं पाहिलं सगळं."

मग ती म्हणाली की नवऱ्यालाही आणावं लागेल. त्याचाही इलाज एकाच वेळी झाला पाहिजे, नाहीतर मी बरी होईन आणि तो पुन्हा मला देईल. पुढं तिनं विचारलं, याआधी दोघांपैकी कुणी यावर उपचार घेतला होता का? मी ताडकन नाही म्हटलं.

"दोन-तीन वर्षांत नवऱ्याला मोठी इंजेक्शनं? कंबरेच्या खाली, दोन्ही बाजूंनी? बसायला त्रास व्हावा अशी?"

आणि मला अमोल आठवला. दोन वर्षांपूर्वीचा श्रावण. तो वरूडहून आला होता. संत्र्याचे बगीचे विकत घेऊन माल भरायचा त्याचा धंदा, त्यामुळे हंगामात महिना महिना तिकडंच असायचा. आल्या आल्या तो काकांकडे गेला आणि परतला तो एका अंगावर कलंडून बसायला लागला. मोटारसायकलवरून घसरलो, म्हणाला. मी त्याला गरम विटेचा शेक दिला. रोज दिला.

त्याच दिवशी त्यानं माझ्या हातात गोळ्यांची पाकिटं ठेवली होती. "जंताच्या आहेत. काकानं देल्या. तुले अशक्तपणा आहे ना. दोन टाइम घ्यायच्या, चौदा दिवस."

आता जंताची गोळी कोणत्या घरात चौदा दिवस घेतात? पण नवऱ्यानं आणलेलं औषध बाईनं काय उलटून पाहायचं? आमच्याकडे काकांच्या दवाखान्यात पद्धतच तशी. बाई बाहेर बाकावर बसणार, माणूस आत जाऊन तिचं दुखणं सांगणार आणि पुडी घेऊन येणार. तिची पाळी, तिचं अंगावरचं पाणी, सगळं तोच सांगतो. कधी कधी तर बाई बाकावरही नसते, घरी भाकरी थापत असते.

माझ्या सासूबाईंनी, आशाबाईंनी, ती पाकिटं पाहिली. "एवढे कोणते जंत हायत बाप्पा? हत्तीचे?" असं म्हणून त्या हसल्या. मग म्हणाल्या, "एकटीनं घेऊन काय फायदा? जंताचं औषध सगळ्या घरानं एका वक्ती घ्यायचं असते. एकाच्या पोटातले मेले तं दुसऱ्याच्या पोटातून येतात." हे काही त्या चुकीचं बोलल्या नव्हत्या. आमच्या घरी दरवर्षी तसंच होत होतं. त्यांनी गोळ्यांची वाटणी केली. सासऱ्यांना, दीर कुंदनला, स्वतःला आणि मला. चार दिवसांत पाकिटं रिकामी.

वाटणी झाली तेव्हा अमोल जेवत होता. त्यानं पाहिलं. माझं औषध त्याच्या डोळ्यांसमोर चार हातांत गेलं. त्याच्या तोंडात घास होता. त्यानं तो चावला, गिळला आणि म्हणाला, "वरणात मीठ कमी आहे."

हे सगळं मी जुईलीला सांगितलं. तिनं माझ्या कागदावर तारीख टिपली. मग म्हणाली, "ते औषध बहुतेक याच आजाराचं होतं. तुमच्यासाठी. ते पूर्ण घेतलं असतं तर..."

"काकानं मले न पाहता कसं काय देलं?"

"द्यायला नको होतं. जोडीदाराला बोलवायचं, तपासायचं, कशाचं औषध आहे ते सांगून द्यायचं. तुम्हाला दिवस असते तर? एखादं औषध सोसत नसतं तर?"

"मंग मले बोलावलं कावून नाई? सांगतलं कावून नाई?"

"पेशंटची गोष्ट डॉक्टरला बाहेर सांगता येत नाही ताई. तो नियम आहे, आणि चांगला नियम आहे. नाहीतर कुणी उपचाराला येणारच नाही."

"म्हणजे कायदा माह्या नवऱ्याच्या बाजूनं."

"तसं नाही. एखाद्या ठराविक माणसाला गंभीर धोका असेल, तर सांगायची मुभा डॉक्टरांच्या नियमांतच आहे. एचआयव्हीच्या कायद्यात तर पायऱ्याच लिहिल्या आहेत. आधी पेशंटला समजवायचं की तूच सांग. तो सांगत नसेल, तर त्याला कळवून मग जोडीदाराला सांगायचं. या आजारासाठी इतकं स्पष्ट लिहिलेलं नाही. पण निदान नवऱ्याला बसवून बायकोला आण म्हणणं, ती आली का ते पाहणं, एवढं तर कोणताही डॉक्टर करू शकतो." मग ती म्हणाली, "आणि तुमचाही रिपोर्ट मी कुणाला सांगणार नाही. नवऱ्यालासुद्धा नाही, तुम्ही नको म्हणालात तर."

मला हसू आलं. तिला वाटलं मी रडते आहे, तिनं पाणी पुढं केलं.

आधी हातावर छोटी सुई टोचून पाहिली, मग मोठं इंजेक्शन दिलं. दोन्ही बाजूंनी. बाहेर आले तेव्हा मला नीट चालता येत नव्हतं. मी दर्यापूरच्या गाडीत बसले नाही. अकोटच्या बसले, माहेरच्या. रस्ताभर मी एका अंगावर कलंडून बसले होते आणि शेजारची बाई विचारत होती, "पडली काय वं बाई?"

गाडीतूनच अमोलला फोन केला. सांगितलं, "मले गरमी निघाली."

पलीकडे ट्रॅक्टरचा आवाज. मग तो म्हणाला, "काकाले विचारतो."

कशी आहेस, पोटातलं कसं आहे, काही नाही. काकाले विचारतो.

माझे बाबा, नत्थुजी, अकोटच्या जिनिंगमधे कापूस पारखायचे. चिमूटभर कापूस बोटांत ओढून धाग्याची लांबी सांगायचे आणि व्यापारी तो शब्द मानायचे. माझी सोयरीक मात्र त्यांनी न पारखता केली, कारण उद्धवकाका मधे होते. काका म्हणजे बाबांचे शाळेतले जोडीदार. एका बाकावरचे. सहा वर्षांपूर्वी आमच्याच समोरच्या खोलीत बसून काका म्हणाले होते, "पोरगा कसा आहे ते मले विचार नत्थू. त्याची नस माह्या हातात आहे." आणि बाबा म्हणाले होते, "तू म्हणतं तं विषयच नाई."

बाबांना मी सगळं सांगितलं. बापाला असं सांगताना जीभ जड होते, पण आई नाही मला, मग कुणाला सांगणार? ते ऐकत राहिले आणि शेवटी एवढंच म्हणाले, "उद्धव असं करणार नाई. काही तरी गलतफहमी असंन."

तिसऱ्या दिवशी ते आले. अमोल, सासूबाई आणि मध्यस्थ म्हणून काका. त्याच खोलीत बसले. मी चहा केला नाही. बाबांनी केला, साखर कमी पडली.

सासूबाईंनी सुरुवात केली. "नत्थुजी, आमी पोरगी न्यायले आलो नाई. विचारायले आलो. रोग निघाला तो हिच्या रगतात. माह्या पोराचा काही रिपोर्ट आहे काय? नाई. मंग रोग आला कुठून?"

"आशाबाई, जपून बोला," बाबा म्हणाले.

"मी काय चूक बोलून राहिली? तीन वर्ष अकोल्याले होस्टेलात होती ना ही? आमी तवाच इचारायले पाहिजे होतं. नातू गेला आमचा. आमी देवाले दोष देत बसलो."

मी अमोलकडे पाहिलं. तो मोबाइलवर बोट फिरवत होता. बंद मोबाइलवर. काळ्या काचेवर.

बाबांनी काकांकडे वळून हात जोडले. खरंच जोडले. "उद्धव, तू सांग गड्या. अमोलले तू तपासलं होतं काय? याचा इलाज केला होता काय? फक्त हो म्हण नाई तं नाई म्हण."

काकांनी घसा खाकरला. "नत्थू, मले पेशंटचं काही सांगता येत नाई. कायदा आहे. लायसन जाते माणसाचं."

"माही पोरगी चांगली आहे, एवढं तं सांगशीन?"

"हेही नाई अन् तेही नाई. तू समजून घे."

समजून घे! या माणसानं मला पोलिओचा डोस पाजला होता. त्याला पक्कं माहीत होतं, रोग कुणी आणला. माझ्यावर घाण उडत होती आणि तो कायद्याची छत्री उघडून एकटाच कोरडा बसला होता.

"तुमी सांगा," मी अमोलला म्हटलं. "तुमाले तं कोणता कायदा नाई."

"मले काय माहीत?" तो म्हणाला.

तीन शब्द. सहा वर्षं त्याच्यासाठी मी वरूडच्या हंगामात डबे बांधून पाठवले, त्याचे घामट शर्ट धुतले, त्याच्या मेलेल्या पोरासाठी नऊ तास कळा दिल्या. मले काय माहीत.

मी सासूबाईंसमोर जाऊन बसले.

"आई, दोन वर्षांमागं श्रावणात तुमी जंताच्या गोळ्या घेतल्या होत्या. आठवते काय?"

"कोणत्या?"

"हत्तीच्या."

त्यांना आठवलं. चेहऱ्यावर दिसलं. "हो, मंग? सगळ्याइनं घेतल्या. मले मळमळलं होतं चार दिवस. त्याचं काय आता?"

"त्या कशाच्या होत्या ते काकाइले विचारा. अमोलचं नका विचारू. तुमच्या पोटात काय गेलं ते विचारा. ते तं त्याचं गुपित नाई ना?"

सासूबाई काकांकडे वळणार, तेवढ्यात काकाच उठले. बसल्या जागेवरून अर्धे उठले आणि अमोलवर ओरडले, "घरात वाटल्या? तू तं मले म्हणे बायकोनं कोर्स पूर्ण घेतला! मी तुले दोनदा विचारलं होतं ना बे!"

मग त्यांना कळलं आपण काय बोललो ते. ते खाली बसले.

बाहेर भंगारवाला ओरडत गेला. विचारायचं काही उरलंच नव्हतं.

सासूबाईंना समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांनी अमोलच्या पाठीत धपाटा घातला. "नालायका! तुह्या गरमीचं औषध तू मले चारलं? बुढ्याले चारलं? कुंदनले? समोर बसून जेवत होता, तोंड नाई उघडता आलं तुले?"

"आई, हळू बोल. शेजारी ऐकतीन."

"ऐकू दे!"

मला वाटलं, आता त्या मला काही तरी म्हणतील. होस्टेलाचं बोलल्या त्याचं काही. त्या मला काही म्हणाल्या नाहीत. पदर सावरत त्यांनी काकांना विचारलं, "डॉक्टरसाहेब, मले काही झालं तं नसंन ना त्यानं?" त्यांना त्यांचं पोट आठवलं होतं. माझं नाही.

काका जायला निघाले तेव्हा मी अंगणात त्यांना गाठलं.

"काका, पहिल्या वेळी माही तपासणी कावून नाई लिहिली? सगळ्या बायाइची होते ती. अमरावतीले पहिल्याच दिवशी केली."

त्यांनी चपला शोधल्यासारखं केलं. चपला समोरच होत्या. "मले वाटलं तुहा इलाज झाला आहे. बरं झाल्यावरही रगतात कधी कधी दिसत राहते ते. दिसलं असतं तं तू विचारलं असतं. मंग काय सांगू तुले? संसार मोडला असता बाई."

"संसार नाई मोडला काका. पोरगं मेलं."

"मी तुह्या भल्यासाठीच..." त्यांनी पायात चपला घातल्या आणि फाटकापाशी थांबून हळूच म्हणाले, "हे तपासणीचं नत्थूले सांगू नको. त्याले सहन होणार नाई."

मी त्याच संध्याकाळी बाबांना सांगितलं. हेही सांगितलं की मी तक्रार करणार. डॉक्टरांवर तक्रार घेणारी जागा असते, तिथं.

बाबा खाटेवर बसून होते. त्यांनी माझ्याकडे न पाहता विचारलं, "अमोलवर कर ना. उद्धववर कावून?"

"अमोलवर पुढं पाहीन. काकानं मले बोलावलं असतं, समोर बसवून म्हटलं असतं की हे औषध घे, पूर्ण घे, कुणाले देऊ नको, तरी चाललं असतं. रोगाचं नाव नसतं सांगतलं तरी चाललं असतं बाबा. एवढंही नाई केलं. अन् मंग तपासणी नाई केली, कारण त्याची चूक दिसली असती."

"तुही आई गेली तवा तो चार रात्री बसून होता इथं. एक पैसा नाई घेतला. त्यानं चूक केली पोरी. पाप नाई केलं."

"ते ठरवणारे दुसरे आहेत."

"म्हाताऱ्या वयात त्याची बदनामी करशीन?"

माझ्या बदनामीला याच खोलीत दोन तास झाले नव्हते. पण ते बोलून काय झालं असतं?

दुसऱ्या इंजेक्शनचा दिवस आला. बाबा सकाळी लवकर उठले, दाढी केली, धुतलेला सदरा घातला. "मी येतो संग," म्हणाले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मी चहाचे कप विसळत होते. ते म्हणाले, "येताना दर्यापूरले उतरू. उद्धवनं बोलावलं आहे. तो माफी मागते म्हणते. तू फक्त तक्रारीचं डोक्यातून काढ."

"अमरावतीले येत असान तं या. दर्यापूरले मी उतरणार नाई."

ते खुर्चीवर बसले. थोड्या वेळानं त्यांनी बूट काढले, त्यांत मोजे खुपसले आणि बूट भिंतीला लावून ठेवले. मी पर्स उचलली आणि निघाले. स्टँडवर पोचेपर्यंत मी तीनदा मागं पाहिलं. येत नव्हते.

दवाखान्यात अमोल आधीच आला होता. तोंडाला रुमाल, वर काळा चष्मा, आणि लिंबाच्या झाडामागं उभा. आमच्या तालुक्यातलं कुणी दिसेल म्हणून. मला पाहून पुढं आला. "आईनं पाठवलं," म्हणाला. ते तरी खरं बोलला.

जुईलीनं त्याला वेगळं आत घेतलं, रक्त तपासलं. त्यालाही निघालं, हे त्याला विचारूनच तिनं मला सांगितलं. दोन वर्षांपूर्वी त्याचा इलाज पूर्ण झाला होता. माझा झाला नाही, म्हणून त्याला बहुतेक माझ्याकडूनच परत मिळालं. त्यानं दिलं तेच. इंजेक्शन घेऊन तो बाहेर आला तेव्हा भिंत धरून चालत होता. मीही तशीच. बाकावर आम्ही दोघं बसलो, दोघंही कलंडून, एकमेकांपासून उलट्या बाजूला.

आधी माझी सोनोग्राफी झाली होती. बाळाचे ठोके ठीक होते. वाढ ठीक होती. बाळंतपण इथंच करायचं आणि झाल्यावर बाळाचंही रक्त तपासायचं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. त्या मला सांगत होत्या. थेट माझ्याकडे पाहून.

"झालं ना आता," अमोल म्हणाला. "दोघाइचंही झालं. पुढच्या हप्त्यात तुहं तिसरं झालं का घरी चाल. झालं गेलं सोड."

"तू तुही इंजेक्शनं पूर्ण घे," मी म्हटलं. सहा वर्षांत पहिल्यांदा मी त्याला तू म्हटलं. त्यानं रुमाल खाली ओढून माझ्याकडे पाहिलं. "माह्यासाठी नको घेऊ. तुले जिथं जायचं तिथं तू जाशीन, तिथल्या बाईसाठी घे. मी येत नाई."

"अन् पोटातलं?"

"ते माह्याजवळ आहे."

जुईली पडदा सरकवून बाहेर आली, तेव्हा मी तिला विचारलं की डॉक्टरवर तक्रार कुठं करायची. तिनं मेडिकल कौन्सिलचं सांगितलं, काय काय जोडावं लागतं ते सांगितलं, वेळ लागतो हेही सांगितलं. मी मोबाइलमधे टिपून घेत होते. अमोल शेजारी ऐकत होता.

ती आत गेल्यावर त्यानं विचारलं, "काकानं कुणाचा इलाज केला, कशाचा केला, हे सगळं ल्याहावं लागंन ना त्याच्यात?"

"हो."

"म्हणजे माहं नाव येईन."

"येईन," मी म्हटलं, आणि पुढं टिपायला लागले.